पाऊस नसलेला वाघ

आधीच कबुली देते. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली आहे. मराठीत शेवटचा निबंध लिहिला तो दहावीत, 'माझा आवडता ऋतू', आणि त्यात 'पाऊस'मधला ऊ प्रत्येक वेळी ऱ्हस्व काढला म्हणून टीचरनी अख्खं पान लाल केलं होतं. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका संपादक मंडळाने पदरात घ्याव्यात. मराठी विभागाला लेख कमी पडतायत असं कळल्यावर माझ्या रूममेटने परस्पर माझं नाव देऊन टाकलं. सबमिशनच्या आठवड्यात! असो.

तर विषय आहे, भिंत. म्हणजे हॉलमधली, सोफ्याच्या मागची.

गेल्या दिवाळीच्या आधी आम्ही नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो. बाबांचा पीएफ, आईच्या पतसंस्थेचं कर्ज आणि पंधरा वर्षांची काटकसर यातून उभं राहिलेलं घर. हॉलची ती एक भिंत दहा फूट लांब. आई रोज म्हणायची, "एवढी मोठी भिंत बोडकी दिसते गं." मग तिने आणि मी मिळून मोबाइलवर शोधाशोध केली आणि एक सेट मागवला. 'जंगल वॉल आर्ट, पाच तुकडे, कॅनव्हास, निसर्ग आपल्या घरात'. किंमत १०९९ रुपये. आईच्या मते स्वस्तात काम झालं.

खोका आला. पाच पट्ट्या, मधली उंच, कडेच्या बुटक्या. बाबांनी पट्टी-पेन्सिलने खुणा केल्या, मी मोबाइलमधली लेव्हल लावून बघितली, अर्धा दिवस ड्रिलची घरघर. लागलं एकदाचं. चित्रात गर्द झाडी आणि त्यात एक वाघ. पण वाघाचं तोंड एका पट्टीवर, शेपूट दुसऱ्या पट्टीवर, आणि पोटातून दोन इंच पांढरी भिंत आरपार. फटाक्याच्या दुकानाबाहेरच्या फ्लेक्सवर असतो तसा पोपटी रंग.

पाडव्याला पाहुणे आले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अय्या, किती छान! अगदी थ्रीडी वाटतंय!" थोड्या वेळाने माझी आतेबहीण आली. ती फाइन आर्ट्सला आहे. तिने चप्पल काढता काढताच भिंतीकडे बघितलं आणि म्हणाली, "मामा, हे काय, प्रिंट? त्यापेक्षा भिंत मोकळी बरी होती."

बाबा काही बोलले नाहीत. "चहा टाकतो," म्हणून आत गेले. आमच्या घरात बाबा चहा टाकतात ते फक्त काहीतरी लागल्यावर, हे मला माहीत आहे.

मला दोघींचाही राग आला. आणि वर्षभर विचार करून झाल्यावर माझं मत असं झालंय की दोघी चुकल्या. नक्कल लावण्यात काही कमीपणा नाही. पण नक्कल लावायची तर ती कुणाची, मूळ कसं, आपल्याकडे त्यातलं किती पोचलं, हे बघितल्याशिवाय लावणं हा चित्राचाही अपमान आणि भिंतीचाही. हे मी हवेत बोलत नाही. सांगते कसं.

त्या रात्री मी त्या वाघाचा फोटो काढून नेटवर टाकून शोधला. म्हटलं कुणीतरी कॉम्प्युटरवर केलेलं डिझाइन असेल. निघालं भलतंच! १८९१ सालचं तैलचित्र, लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. नाव 'सरप्राइज्ड!', म्हणजे आपल्या भाषेत 'दचकला!'. चित्रकार आंरी रूसो. शाळेत फ्रेंच राज्यक्रांतीच्या धड्यात असतो तो रूसो नव्हे. हा त्याच्यानंतर शंभरेक वर्षांनी झाला. जन्म १८४४, फ्रान्समधल्या लावाल गावचा, वडील पत्र्याची कामं करणारे. आणि याची नोकरी? पॅरिस शहराच्या जकात खात्यात कारकून!

मी किंचाळलेच. कारण माझे बाबा महापालिकेच्या जकात नाक्यावर होते. तेरा वर्षं. २०१३ मध्ये आमच्या शहरातली जकात बंद झाली, नाका गेला आणि बाबांची बदली मालमत्ता कर विभागात झाली. तेव्हा मी आठ वर्षांची होते. नाक्यावरची एकच गोष्ट मला आठवते, लाकडी खिडकी आणि तिच्या पलीकडे दिसणारी ट्रकची भलीमोठी चाकं.

मी बाहेर जाऊन बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे आमच्याच खात्यातला की!" मी सांगितलं की त्याचे मित्र त्याला 'दुआनिये' म्हणायचे, म्हणजे कस्टमवाला. त्यावर बाबांनी लगेच चूक काढली. "कस्टम वेगळं, जकात वेगळी. कस्टम देशाच्या हद्दीवर, जकात शहराच्या वेशीवर. त्याला कस्टमवाला कसं म्हणतील?" आणि गंमत म्हणजे बाबांचं बरोबर आहे. ते टोपणनाव खरोखरच चुकीचं होतं. पॅरिसच्या वेशीवर आत येणाऱ्या मालावर कर घेणं एवढंच रूसोचं काम. कस्टम खात्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

आता या माणसाची थोडी हकिकत सांगते, कारण माझा सगळा मुद्दा तिच्यावरच उभा आहे. रूसो कुठल्याही कलाशाळेत शिकला नाही. नोकरी सांभाळून रिकाम्या वेळात चित्रं काढायचा. पॅरिसमध्ये तेव्हा एक प्रदर्शन भरायचं, 'सालों दे झँदेपाँदाँ', म्हणजे स्वतंत्र कलाकारांचं. तिथे निवड समिती नाही, कुणीही फी भरून चित्र लावावं. रूसो १८८६ पासून तिथे जवळजवळ दरवर्षी चित्रं लावत होता, आणि लोक तिथे येऊन हसत होते. एखाद्याला वायवाला रोज बोलवावं आणि रोज हसावं, तसं. १८९१ मध्ये हा वाघ लावला तेव्हा फेलिक्स व्हालोतों नावाच्या एका तरुण चित्रकाराने त्याच्याबद्दल चांगलं लिहिलं. १८९३ मध्ये, एकोणपन्नासाव्या वर्षी, रूसोने नोकरी सोडली आणि पूर्ण वेळ चित्रं काढायला लागला. पेन्शन तुटपुंजी, म्हणून व्हायोलिनच्या आणि चित्रकलेच्या शिकवण्या करायचा. १९०८ मध्ये पिकासोने आपल्या स्टुडिओत त्याच्यासाठी मोठी मेजवानी दिली. तीही काही जणांच्या मते अर्धी थट्टाच होती. १९१० च्या सप्टेंबरमध्ये तो वारला तेव्हा अंत्ययात्रेला मोजकीच माणसं होती.

आणि आता मुख्य गंमत. जंगलांसाठी जगभर गाजलेल्या या माणसाने जंगल कधी पाहिलंच नव्हतं! तरुणपणी सैन्यात असताना तो मेक्सिकोला जाऊन आला, अशी एक कथा पसरली होती आणि तोही ती पसरू द्यायचा. पण तो फ्रान्सच्या बाहेर कधी गेलाच नाही. मग ही झाडं आली कुठून? पॅरिसमध्ये 'जार्दँ दे प्लांत' नावाची मोठी वनस्पतिबाग आहे. तिथल्या काचघरांत उष्ण देशातली झाडं लावलेली असतात. रूसो तिथे जाऊन बसायचा. काचघरात शिरलं की स्वप्नात शिरल्यासारखं होतं, असं तो सांगायचा. त्याच बागेत प्राणिसंग्रहालय, आणि शेजारी भुसा भरलेल्या प्राण्यांचं म्युझियम. १९०५ मध्ये त्याने एक तीन मीटर रुंद चित्र लावलं, भुकेल्या सिंहाने हरणासारख्या अँटिलोपवर झेप घेतलेलं. ती जोडी त्याने म्युझियमच्या काचेमागे भुसा भरून ठेवलेल्या जोडीवरून घेतली होती. आणखी काही प्राणी एका दुकानाने काढलेल्या मुलांच्या अल्बममधून घेतले.

हे वाचल्यावर मी त्याची बाकीची जंगलं नीट बघितली आणि कळलं की ही झाडं नाहीतच, कुंडीतली रोपं आहेत! बाल्कनीतलं रबराचं रोप वीस फुटांचं केलं तर कसं दिसेल, तसं. माझी रूममेट जळगाव जिल्ह्यातली, घरची केळीची बाग. तिला मी रूसोचं 'वाघ आणि रेड्याची झुंज' हे १९०८ चं चित्र दाखवलं. आता ते अमेरिकेत क्लीव्हलँडच्या म्युझियममध्ये आहे. वाघ-रेड्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "ए, याची केळी उलटी लागलीयेत!" तिने मला समजावून सांगितलं की घड खाली लोंबतो, पण त्यातली केळी वर वळलेली असतात, आणि या बाबाने ती खाली लोंबवलीत. मी शोधलं तर म्युझियमवाल्यांचंही तेच म्हणणं! जळगावच्या पोरीने पाच सेकंदांत पकडलं.

त्या झुंजीच्या चित्राची आणखी एक गोष्ट आहे. मूळ कल्पना रूसोची नाहीच. शार्ल व्हेर्ला नावाच्या बेल्जियन चित्रकाराने असं चित्र काढलं होतं. त्यावरून दुसऱ्या कुणीतरी छापील प्रत केली, आणि ती छापील प्रत समोर ठेवून रूसोने आपलं चित्र रचलं. म्हणजे बघा, चित्र, त्याची छापील नक्कल, आणि त्या नकलेवरून पुन्हा चित्र. कॉलेजच्या भाषेत सांगायचं तर जर्नलची कॉपी, त्या कॉपीची कॉपी. फरक एवढाच की आपण कॉपी करताना डोळे मिटलेले असतात. रूसोने कॉपी केली आणि प्रत्येक पान स्वतः बघून, स्वतःच्या हिरव्या रंगात नव्याने काढलं.

म्हणून आतेबहिणीला माझं म्हणणं आहे की ताई, ज्या माणसाने भुसा भरलेल्या सिंहांवरून, अल्बमवरून आणि छापील प्रतींवरून जंगल उभं केलं, त्याचंच चित्र छापून भिंतीवर लावलं तर नाक कशाला मुरडायचं? आणि मूळ चित्र लंडनला. तिकीट काढून किती जणं जाणार? आपल्याकडे हे काही नवीन नाही. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत घाटकोपरला छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे छापलेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचल्या. माझ्या पणजीच्या देवघरात तशीच एक लक्ष्मी होती म्हणे. पणजीला कुणी म्हटलं नाही की "अहो आजी, ही तर प्रिंट आहे." तिने उदबत्ती ओवाळली आणि लक्ष्मी तिची झाली.

पण थांबा. शेजारच्या काकूंनाही मी सोडणार नाहीये.

पणजीची लक्ष्मी छापील होती, पण अख्खी होती. तिचे कुणी पाच तुकडे केले नव्हते. आमचा वाघ कापला गेला तो कुठल्या विचाराने? तर खोक्यात मावावा आणि कुरिअर स्वस्तात पडावं म्हणून, आणि पाच तुकडे लावले की भिंत भरल्यासारखी वाटते म्हणून. त्या सेटवर चित्रकाराचं नावसुद्धा नव्हतं. कायद्याने चालतं ते. आपल्याकडे चित्रकार वारल्यावर साठ वर्षांनी कॉपीराइट संपतो आणि रूसोला जाऊन शंभराहून जास्त वर्षं झाली. म्हणून कुणीही छापतं. पण कायद्याने नाव द्यायला लागत नाही म्हणून द्यायचंच नाही, हे काही बरोबर नाही.

सगळ्यात वाईट गोष्ट मात्र मला दिवाळीची सुट्टी संपल्यावर कळली. होस्टेलला परत आल्यावर लॅबच्या मोठ्या मॉनिटरवर मी मूळ चित्राची मोठी फाईल उघडली. आणि बघतच राहिले. मूळ चित्रात पाऊस आहे! अख्ख्या चित्रावर तिरप्या, बारीक, चंदेरी-करड्या रेघा. रूसोने पातळ पारदर्शक रंगाने त्या सगळ्या कॅनव्हासवर ओढल्यात. वरती आभाळात वीज आहे. झाडं वाऱ्याने एका बाजूला वाकलीत. म्हणजे तो वाघ वादळात सापडलाय, म्हणून डोळे फाटलेत, म्हणून पाठ खाली गेलीय! आमच्या घरच्या वाघाकडे बघून वाटायचं की हा उगाचच कुणावर तरी डाफरतोय. पाऊस गेला आणि चित्राचा अर्थच गेला.

पाऊस गेला कसा, हा प्रश्न मी इंजिनिअरिंगच्या विद्यार्थिनीला शोभेल असा सोडवला. आमच्या सेटची एकूण रुंदी साठ इंच. नेटवर सहज सापडणारी फाईल असते साधारण १२०० पिक्सेल रुंद. १२०० भागिले साठ, म्हणजे एका इंचाला वीस ठिपके. पावसाची रेघ केसासारखी बारीक, ती वीस ठिपक्यांत कुठून दिसणार? ती आजूबाजूच्या हिरव्यात विरघळून जाते. मग चित्र मळकट दिसतं, म्हणून दुकानदार रंग भडक करतो. झाला पोपटी वाघोबा तयार.

बरोबर करायचं तर काय, हे विचारायला मी कॉलेजच्या गेटबाहेरच्या फ्लेक्सवाल्या दादांकडे गेले. गॅदरिंगचे बॅनर तेच करतात. त्यांच्याकडे कॅनव्हासचा रोलही असतो, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी जे दहा मिनिटांत शिकवलं ते आम्हाला एका सेमिस्टरमध्ये कुणी शिकवलं नसतं. तुमच्याही कामाला येईल म्हणून लिहिते.

पहिलं, फाईल. कॅनव्हासला इंचामागे दीडशे ठिपके तरी पाहिजेत. चार फूट रुंद चित्र म्हणजे अठ्ठेचाळीस इंच, गुणिले दीडशे, म्हणजे ७२०० पिक्सेल. दादांचे शब्द, "फोटोच बारका असेल तर मशीन काय करणार मॅडम, फुगा फुगवल्यासारखं होतं." मोठ्या फाईल मिळतात. क्लीव्हलँडचं म्युझियम, न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन, वॉशिंग्टनची नॅशनल गॅलरी यांनी कॉपीराइट संपलेल्या कितीतरी चित्रांच्या फाईल फुकट उघड्या केल्यात. तिघांकडेही रूसोचं एकेक तरी जंगल आहे.

दुसरं, हिरवा. स्क्रीनवरचा रंग उजेडाचा असतो, कागदावरचा शाईचा. चार शाईच्या साध्या मशीनला चकाकता हिरवा जमतच नाही. रूसोचं सगळं जंगल हिरव्या छटांवर उभं आहे, काळपट हिरवा, निळसर हिरवा, पिवळट हिरवा. म्हणून आधी वीतभर तुकडा छापून घ्यायचा, उन्हात नेऊन बघायचा, मग पुढचं. दादांनी माझ्यासाठी तीन तुकडे काढले. पहिल्यात पानं शाळेच्या फळ्यासारखी आली होती.

तिसरं, माप. मूळ चित्र जेवढं लांब-रुंद त्याच प्रमाणात आपलं. 'दचकला!' मूळ साधारण १६२ सेंटिमीटर रुंद आणि १३० उंच. आम्ही पाऊण केलं, चार फूट रुंद, जेमतेम सव्वातीन फूट उंच. भिंत उरली तर उरू दे. भिंत भरायला चित्र ताणायचं नाही आणि कापायचं तर नाहीच. कडा लाकडी चौकटीवर दुमडायला चारी बाजूंनी दोन-दोन इंच जास्तीचा कॅनव्हास सोडायचा, नाहीतर वाघाचे पाय चौकटीच्या मागे जातात.

चौथं, पावसाळा. आपल्याकडच्या दमट हवेत कॅनव्हास सैल पडतो आणि मागून बुरशी धरते. बाहेरच्या ओल येणाऱ्या भिंतीवर लावू नये, मागे बोटभर हवा खेळायला जागा ठेवावी. थेट ऊन नको. आणि मागच्या बाजूला पेनने लिहून ठेवायचं, कुणाचं चित्र, कोणत्या सालचं, मूळ कुठे आहे. एवढं केलं की नक्कल ही लबाडी राहत नाही. ती एक पत्ता होते. ज्याला मूळ बघायचंय त्याला कुठे जायचं ते कळतं.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप करण्यापेक्षा आपल्या सह्याद्रीतल्या जंगलाचा फोटो लाव की! पॅरिसच्या माणसाने न बघितलेलं जंगल कशाला? प्रश्न योग्य आहे. त्यात आणखी एक कडू गोष्टही आहे. त्या काळी फ्रान्सच्या वसाहती होत्या. १८८९ च्या पॅरिसच्या मोठ्या जागतिक प्रदर्शनात तर वसाहतींतली जिवंत माणसं आणून 'गावं' मांडली होती, आणि पॅरिसकर तिकीट काढून बघायला जात होते. रूसोचं जंगल त्याच हौसेच्या काळातलं आहे. म्हणूनच 'निसर्ग आपल्या घरात' ही जाहिरात मला खोटी वाटते. हा निसर्ग नाही. शहराच्या वेशीवर बसून पावत्या फाडणाऱ्या एका माणसाचं ते स्वप्न आहे, आणि स्वप्न म्हणूनच ते लावलं पाहिजे. जंगल बघायचं तर जंगलात जावं. चौथ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये, जिथे समोरच्या बिल्डिंगच्या गॅलरीतले वाळत घातलेले कपडे दिसतात, तिथे मला स्वप्नच जास्त खरं वाटतं.

आता शेवटची गोष्ट, जी लिहावी की नाही यावर मी दोन दिवस विचार केला.

नवीन चित्र घेऊन मी जानेवारीत घरी गेले. बाबा गुंडाळी सोडून जवळ गेले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "अरे, यात पाऊस आहे!" मग बराच वेळ नुसतेच बघत राहिले. मग विचारलं, "त्याला पेन्शन किती होती?" मी सांगितलं, फार नव्हती, शिकवण्या करायचा. "हं," म्हणाले. मग म्हणाले, "रात्रपाळीला काढत असेल."

तेव्हा आई आत गेली आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यातून एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आली. आत जुन्या फॉर्मांचा गठ्ठा, आणि प्रत्येकाच्या कोऱ्या बाजूला बॉलपेनने काढलेली चित्रं. नाक्यावर रांगेत उभे असलेले ट्रक, मागून बघितलेले. फाळक्यावरची कमळं, मोर, लिंबू-मिरची. स्टोव्हवर भाजी परतणारा ड्रायव्हर. चाकाला टेकून झोपलेला क्लीनर. बाबांनी काढलेली! मला वीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, सरकारी कागदावर काढलीत? तर म्हणाले, "रद्द फॉर्म होते. पावतीपुस्तकाला हात नाही लावला कधी, रद्द पावतीसुद्धा ऑडिटला लागते." नाका बंद झाला, रात्रपाळी गेली, तेव्हापासून एकही नाही. नवीन घरात सामान हलवताना ते आईला म्हणाले होते, रद्दीत टाक. आईने टाकलं नाही.

मी म्हटलं, यातलं एक फ्रेम करून वाघाशेजारी लावू. बाबा म्हणाले, "वेडी आहेस का? मी काय चित्रकार आहे?" मी म्हटलं, रूसोलाही सगळे हेच म्हणत होते. ते नाही म्हणाले ते नाहीच म्हणाले. मी फार ओढून धरलं नाही. त्यांनी वाघ मात्र स्वतः लावला, एका खिळ्यावर, बरोबर मध्ये. पाच तुकड्यांच्या सेटची भोकं पुट्टीने बुजवली, तरी उन्हात दिसतात. येताना मी एक ट्रक मागून घेतला. होस्टेलच्या नियमाप्रमाणे भिंतीला खिळा ठोकता येत नाही, म्हणून तो माझ्या कपाटाच्या दाराला आतून टेपने लावलाय. रेक्टर मॅडम, टेपला नियमात बंदी नाही, मी वाचलंय.

बाबा येत्या ३१ मे रोजी निवृत्त होतायत. रंगाची पेटी घेऊन जावी का, हे माझं अजून ठरत नाहीये. रागावतील असं वाटतं.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, सुट्टीत घरी गेलात आणि भिंत बोडकी दिसते असं कुणी म्हणालं, तर जरूर चित्र लावा. छापील लावा, लाजू नका. पण अख्खं लावा, नाव लिहून लावा. आणि मागवण्याआधी एकदा घरातल्या कपाटाचा वरचा कप्पा बघा.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी, मुलींचे वसतिगृह